विकराच्या गादीवरचा तोतया

१९२८ साली जगाच्या दोन टोकांना दोन कामं चालली होती. केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जूडा क्वास्टेल आणि वॉल्टर वूल्ड्रिज हे दोघं जिवाणूंमधल्या एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम कशाने थांबतं ते बघत होते. आणि मुंबईत लूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर बाई येऊन पोहोचल्या होत्या. गिरणगावातल्या गरोदर बायका रक्त आटून का मरतात, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. या दोन कामांची नावं कुणी एका दमात घेतली असती, तर ऐकणाऱ्याने मान हलवून सोडून दिलं असतं. वीस वर्षांनी बॉस्टनमधल्या मुलांच्या एका इस्पितळात ही दोन कामं एकमेकांना भेटली, आणि त्या भेटीतून कर्करोगावरचं पहिलं विचारपूर्वक घडवलेलं औषध उभं राहिलं. त्या औषधाचा धाकटा भाऊ, मेथोट्रेक्सेट, आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात मिळतो.

आधी मुंबई. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापड गिरण्या संपामुळे बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसले होते. पगार हातात असतानाही ज्या खोल्यांमध्ये पालेभाजी आणि फळं क्वचित यायची, तिथे त्या सहा महिन्यांत चुलीवर काय चढलं असेल, हे सांगायला इतिहासकार नको. आणि घरात जे काही शिजे त्यातलं बाईच्या वाट्याला येई ते सगळ्यांची ताटं उचलल्यावर उरलेलं.

या बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एक विचित्र पंडुरोग गाठत असे. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्यांवर धाप, पायांवर सूज, आणि बाळंतपणाच्या आगेमागे मृत्यू. भारतातल्या मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्सबाईंना या कामासाठी बोलावलं. विल्सबाई केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या होत्या, आणि मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. परळची हाफकिन संस्था हे त्यांचं मुंबईतलं ठाणं. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टने पैशांची मदत केली. सुरुवातीच्या शोधनिबंधांवर त्यांच्यासोबत मेहता आणि तळपदे ही नावं आहेत. तळपदे यांच्याबरोबरचा निबंध तर मुंबईतल्या बायका काय खातात आणि कुठल्या परिस्थितीत राहतात याच्या पाहणीचाच आहे. फोलिक आम्लाचा इतिहास सांगताना ही नावं सहसा कुणी घेत नाही. मराठीत तरी ती घेतली गेली पाहिजेत.

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला की एक गोष्ट लगेच दिसे. शरीरात लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे पेशी संख्येने थोड्या होत्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. म्हणजे हा लोहाचा प्रश्न नव्हता. पेशी वाढत होत्या आणि वाढून कुठेतरी अडकत होत्या. विल्सबाईंनी जंतुसंसर्गाच्या दिशेने शोध घेतला, आणि अखेर ताटाकडे वळल्या. त्या बायका खात तसंच अन्न त्यांनी उंदरांना आणि पुढे माकडांना दिलं. प्राणी आजारी पडले. मग त्यांनी मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्ट्यांत उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट, चिकट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो स्वस्त होता. गरोदर बायकांना तो दिला आणि थोड्याच दिवसांत नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्या काळात एका वेगळ्या, पण दिसायला अशाच पंडुरोगावर प्राण्यांचं यकृत खायला देण्याचा उपाय गाजत होता. विल्सबाईंनी पुढे दाखवून दिलं, की यकृताचा कच्चा अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडतो, पण त्या दुसऱ्या पंडुरोगासाठी शुद्ध केलेला अर्क लागू पडत नाही. म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतात आणखी एक निराळा पदार्थ होता. त्याचं नाव पुढे 'विल्स घटक' असं पडलं. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक पिळून त्यातून एक पदार्थ चिमूटभर मिळवला आणि त्याला फोलिक आम्ल म्हटलं. विल्स घटक तो हाच, हे मागाहून कळलं.

आता केंब्रिज. एन्झाइम हा एक मोठा प्रथिनाचा रेणू. त्याच्या अंगात एक खाच असते, आणि त्या खाचेत ठरावीक आकाराचा दुसरा रेणू येऊन बसला की त्याच्यात ठरावीक बदल होतो. बदल झालेला रेणू निघून जातो, खाच मोकळी होते, पुढचा येतो. सेकंदाला कित्येकदा हे घडतं. क्वास्टेल आणि वूल्ड्रिज ज्या एन्झाइमकडे बघत होते, त्याच्या खाचेत सक्सिनिक आम्ल बसतं. या आम्लात कार्बनचे चार अणू. त्यांनी तीन कार्बनचं मॅलोनिक आम्ल घातलं. ते दिसायला जवळजवळ तसंच. ते खाचेत जाऊन बसलं, पण एन्झाइमला त्याच्यावर काहीच करता येईना. काम थांबलं. मग त्यांनी खऱ्या सक्सिनिक आम्लाचं प्रमाण वाढवलं, आणि काम पुन्हा सुरू झालं.

या शेवटच्या वाक्यात सगळं आहे. एन्झाइम मोडलं नव्हतं, जळलं नव्हतं, त्याच्यावर कुठला घाव बसला नव्हता. खऱ्याची जागा सारख्या दिसणाऱ्याने अडवली होती, आणि खरे पुरेसे जमल्यावर त्यांनी ती परत मिळवली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं रूप घेऊन आलेल्या तोतयाची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्याला कोकणातले किल्ले मिळाले, माणसं मिळाली, ती तलवारीपेक्षा चेहऱ्याच्या बळावर. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन होईपर्यंत घोळ चालू होता. मॅलोनिक आम्ल हा एन्झाइमच्या गादीवरचा तसाच तोतया. रसायनशास्त्रात याला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात. सगळेच अवरोधक असे नसतात. काही एन्झाइमच्या दुसऱ्याच बाजूला चिकटून त्याची खाच वाकडी करतात. काही खाचेत शिरून कायमचे जखडून बसतात, मग खऱ्यांची कितीही गर्दी झाली तरी उपयोग नाही. शेतात फवारायच्या कितीतरी कीटकनाशकांचं काम असंच चालतं, आणि म्हणून ती फवारणाऱ्याच्या जिवावर उठतात. पण या गोष्टीत माणसाने औषध म्हणून हाती धरला तो तोतयाच.

हाती धरला तोही नकळत. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग जंतुसंसर्गावर चालतो असं प्रसिद्ध केलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लगेच कळलं की शरीरात त्या रंगाचे तुकडे होतात आणि खरं काम त्यातला सल्फानिलअमाइड, थोडक्यात सल्फा, हा बिनरंगी तुकडा करतो. तो काय करतो हे मात्र १९४० मध्ये लंडनला डोनाल्ड वूड्स यांनी सांगितलं. यीस्टच्या अर्काने सल्फाचा असर नाहीसा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुन्हा यीस्टच! अर्कात शोधता शोधता ते पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लापर्यंत आले. सल्फाची आणि या आम्लाची घडण इतकी सारखी, की जिवाणू फसतो. पुढे फोलिक आम्लाची पूर्ण रचना उलगडली तेव्हा तिच्या मध्यभागी हेच आम्ल बसलेलं निघालं. जिवाणू आपलं फोलिक आम्ल स्वतः बनवतो, आणि सल्फा त्या कामातल्या एन्झाइमची खाच अडवतं.

मग आपल्याला सल्फाचा तसा त्रास का होत नाही? आपल्याकडे ते एन्झाइमच नाही. माणसाला फोलिक आम्ल बनवता येत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. ज्या उणिवेमुळे गिरणगावातल्या बायका गेल्या, त्याच उणिवेमुळे सल्फाने लाखो माणसं वाचवता आली. या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुठली असेल तर ती ही.

इथे गोष्टीत येल्लाप्रगडा सुब्बाराव येतात. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना खादी घातली म्हणून इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि हातात खालच्या दर्जाची पदवी पडली. एक भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेला. त्या आजारातही अन्नातलं फोलिक आम्ल अंगी लागत नाही आणि तसाच मोठ्या पेशींचा पंडुरोग होतो. १९२३ मध्ये सुब्बाराव बॉस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली, जी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरली. स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी शोधण्यातही त्यांचा हात होता. तरी हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या गटाने १९४५ मध्ये फोलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं. पालक पिळायची गरज संपली. हत्तीरोगावरची डीईसीची गोळीही याच प्रयोगशाळेतली. विदर्भात ती घरोघरी वाटली गेली, आणि ती गिळणाऱ्या किती जणांना सुब्बारावांचं नाव माहीत असेल, देव जाणे.

फोलिक आम्ल बनवता येऊ लागलं, तसं त्याच्यासारखं दिसणारं पण त्याचं काम न करणारंही काही बनवता येऊ लागलं. लेडर्लीत डोरिस सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्लाच्या एका टोकाला असलेला ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजनचा गट बसवला. एवढाच फरक. त्याला ॲमिनॉप्टेरिन म्हणतात. आणखी एक छोटा मिथिल गट जोडला की होतं मेथोट्रेक्सेट.

बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. मेलेल्या मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे त्यांचं काम. तीव्र ल्युकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. त्याची अस्थिमज्जा कोवळ्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशींनी ठासून भरे. फोलिक आम्लाने मज्जा ताळ्यावर येते, हे पंडुरोगात सिद्ध झालेलं होतं. तेव्हा ल्युकेमियातही ते द्यावं, असं फार्बरना वाटलं. त्यांनी सुब्बारावांकडून फोलिक आम्लाचे प्रकार आणून आजारी मुलांना दिले. आणि त्यांना जे दिसलं ते भयंकर होतं. रोग जास्तच वेगाने पसरत होता.

इथे दुसरा कुणी थांबला असता. फार्बरनी प्रश्न उलटा केला. फोलिक आम्लाने या पेशी फोफावत असतील, तर त्यांचं फोलिक आम्ल तोडलं तर? मुंबईतल्या बायकांच्या मज्जेत उपासमारीने जो तुटवडा आपोआप झाला होता, तोच तुटवडा मुलांच्या मज्जेत मुद्दाम घडवायचा. इस्पितळातल्या काही डॉक्टरांना हे पटलं नाही. मरणाऱ्या लेकरांना शांतपणे जाऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीच्या भावनेतून बोलत होते असं मला वाटत नाही. औषध विषारी होतं, तोंड सोलून निघे, आणि आई-बापांना देण्यासारखं आश्वासन कुणाकडेच नव्हतं. पण दुसऱ्या बाजूला निश्चित मरण होतं, आणि फार्बर रोज ते चिरून बघत होते.

सुब्बारावांच्या प्रयोगशाळेकडून ॲमिनॉप्टेरिन आलं. १९४७ च्या अखेरीस ते पहिल्या मुलाला टोचलं गेलं. ३ जून १९४८ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फार्बर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा निबंध आला. अत्यवस्थ अशा १६ मुलांना औषध दिलं होतं, त्यांतली १० सुधारली. वाढलेली प्लीहा ओसरली, रक्तातल्या पेशी ठिकाणावर आल्या. अंथरुणाला खिळलेली मुलं उठून चालू लागली. निबंधाच्या मथळ्यातच 'तात्पुरती' हा शब्द होता. रोग काही महिन्यांनी परतला. पण मुलांच्या तीव्र ल्युकेमियाला औषधाने माघार घ्यायला लावता येते, हे त्या दिवसापर्यंत जगाला माहीत नव्हतं. निबंध आल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेत गेले. वय ५३.

हे औषध नेमकं कुठे जाऊन बसतं, ते मात्र अजून कुणालाच सांगता येत नव्हतं. फोलिक आम्लाच्या जागी बसून कुठेतरी काहीतरी अडवतं, इतकंच. उत्तर दहा वर्षांनी आलं. १९५८ मध्ये सिॲटलच्या विद्यापीठात मेरी जेन ऑसबॉर्न ही विद्यार्थिनी, सहकारी फ्रीमन आणि त्यांचे गुरू फ्रँक ह्यूनेकेन्स यांनी दाखवलं, की ॲमिनॉप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट हे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइमला अडवतात.

या एन्झाइमचं काम थोडक्यात सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर फिरते. ताटातून आलेलं फोलिक आम्ल जसंच्या तसं उपयोगाचं नसतं. हे एन्झाइम त्याला हायड्रोजन जोडून कामाचं फोलेट बनवतं. मग ते एकेका कार्बनचा गट इकडून तिकडे पोहोचवतं, आणि त्या गटांपासून डीएनएचा एक अटळ भाग, थायमिन, तयार होतो. थायमिन बनवताना फोलेट पुन्हा जुन्या अवस्थेत जातं, आणि त्याला पुन्हा याच एन्झाइमच्या दारात यावं लागतं. चक्र चालू राहिलं तर पेशी डीएनएची प्रत काढते आणि दुभंगते. चक्र तुटलं तर पेशीचं पोट फुगत जातं, पण दुभंगायला लागणारा डीएनए तिच्याकडे नसतो. विल्सबाईंना काचपट्टीवर दिसलेल्या त्या मोठ्या, अडकलेल्या पेशींचं कोडं इथे सुटलं. मुंबईत अन्नात फोलिक आम्ल नव्हतं म्हणून चक्र थांबलं. बॉस्टनमध्ये फोलिक आम्ल असूनही एन्झाइमची खाच रिकामी नव्हती म्हणून थांबलं.

आणि खाच अशी तशी अडलेली नव्हती. क्वास्टेल यांचं मॅलोनिक आम्ल खऱ्यांच्या गर्दीपुढे जागा सोडून देई. मेथोट्रेक्सेट इतकं घट्ट बसतं, की १९६० च्या दशकात मोजमाप केलं तेव्हा जवळजवळ एकास एक हिशेब लागला. औषधाचे जितके रेणू, तितकी एन्झाइमं बंद. तत्त्वतः ते निघू शकतं, व्यवहारात निघत नाही. पुढे क्ष-किरणांनी एन्झाइमच्या स्फटिकाचं चित्र काढलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. फोलेटच्या तुलनेत मेथोट्रेक्सेटचा मुख्य भाग खाचेत उलटा फिरून बसलेला असतो. त्या एका बदललेल्या गटामुळे त्याला उलट्या बाजूनेच जास्त चांगली पकड मिळते. तोतया खऱ्यासारखा दिसत होता, पण गादीवर तो खऱ्यापेक्षा घट्ट बसत होता, आणि तेही पाठमोरा.

दरम्यान या औषधाने आणखी एक मजल मारली होती. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट कोरिओकार्सिनोमा या रोगावर वापरलं. हा वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग, तरण्याताठ्या बायकांना गाठणारा, फुप्फुसांत पसरला की संपलंच. या रोगात लघवीत एक विशिष्ट संप्रेरक सापडतं. गाठी दिसेनाशा झाल्या तरी ते संप्रेरक थोडं थोडं उरत होतं. ली म्हणाले, संप्रेरक आहे तोवर रोग आहे, औषध चालूच ठेवायचं. वरिष्ठांना हे रुग्णांवरचे निष्कारण अत्याचार वाटले. लींना नोकरी गमवावी लागली. ज्यांचं औषध त्यांनी संप्रेरक शून्यावर येईपर्यंत चालवलं, त्या बायका मात्र पूर्ण बऱ्या झाल्या. शरीरात पसरलेला घट्ट गाठींचा कर्करोग औषधाने मुळापासून बरा होण्याची ही पहिली वेळ. १९७२ मध्ये लींना लास्कर पुरस्कार मिळाला. चूक वरिष्ठांची होती, हे त्या संस्थेच्या इतिहासात आज उघडपणे लिहिलं जातं, ही चांगली गोष्ट.

पेशीही गप्प बसत नाही. १९७८ मध्ये स्टॅनफर्डला रॉबर्ट शिम्के यांच्या गटाला आढळलं, की मेथोट्रेक्सेटला दाद न देणाऱ्या पेशींनी त्या एन्झाइमच्या जनुकाच्या कितीतरी प्रती काढून ठेवल्या आहेत. एक खाच अडवलीत, घ्या आणखी शंभर. एकास एक हिशेब पेशीने औषधावरच उलटवला. म्हणूनच मुलांच्या ल्युकेमियावर आज एकट्या मेथोट्रेक्सेटवर कुणी विसंबत नाही. ते इतर औषधांच्या जोडीने देतात, आणि चांगल्या केंद्रांमध्ये दहापैकी आठ-नऊ मुलं वाचतात. डॉक्टरांनीही एक वाट काढली. एन्झाइमने करायचं काम आधीच होऊन आलेलं फोलेट, फोलिनिक आम्ल, नंतर टोचलं की निरोगी पेशींना अडलेलं दार वळसा घालून ओलांडता येतं. त्यामुळे मेथोट्रेक्सेटचे प्रचंड डोसही देता येऊ लागले.

न्यूयॉर्कजवळच जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेने याच एन्झाइमकडे जंतूंच्या बाजूने पाहिलं. माणसाचं आणि जिवाणूचं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज काम एकच करतं, पण त्यांच्या खाचा हुबेहूब सारख्या नाहीत. त्या फरकात नेमका बसेल असा रेणू त्यांनी शोधला. ट्रायमेथोप्रिम जिवाणूच्या एन्झाइमला माणसाच्या एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी घट्ट धरतं. हिवतापाच्या परोपजीवीसाठी तशीच पायरीमेथामाइन निघाली. ट्रायमेथोप्रिमला सल्फाची जोड दिली की जिवाणूची फोलेटची वाट दोन ठिकाणी अडते. आपल्याकडे घराघरात माहीत असलेली सेप्ट्रानची गोळी ती हीच. हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. सुब्बाराव तोवर हयात असते तर, हा विचार मनात येतोच.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीने एक अनपेक्षित वळण घेतलं, तेही मुंबईत. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाने आपल्याकडे किती माणसं जातात हे वेगळं सांगायला नको. रोग फार पुढे गेलेल्या आणि शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांना सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शनं घ्यायला इस्पितळात खेपा घालाव्या लागतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर तुलना केली. अर्ध्यांना सिस्प्लॅटिन, अर्ध्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब हाही एन्झाइमचा अवरोधकच, फक्त सूज आणणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा. २०२० मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये निकाल आला. गोळ्यांवरच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिनवरच्यांचं ६.१ महिने. आकडे छोटे आहेत, मी ते फुगवून सांगणार नाही. पण गावी, आपल्या घरात राहून, खिशाला झेपेल अशा पैशांत मिळालेले ते महिने आहेत. टाटा मेमोरियल परळमध्येच आहे, हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गिरणगावातल्या त्या बायकांचा वारसाही चालू आहे. आशाताई गरोदर बाईच्या हातावर ठेवते त्या रक्तवाढीच्या गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. मूल पोटात आकार घेत असतानाच्या पहिल्या आठवड्यांत ते पुरेसं असेल तर बाळाच्या मणक्यातलं आणि मेंदूतलं व्यंग बरंचसं टळतं, हे १९९१ मधल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं. विल्सबाई १९६४ मध्ये गेल्या. ज्यांच्या रक्ताच्या थेंबांवर हे सारं उभं राहिलं त्या बायकांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत. पण तो शोध त्यांच्याही अंगातून गेला आहे, आणि सुब्बाराव-फार्बर यांच्या बरोबरीने त्यांची आठवण काढणं मला न्यायाचं वाटतं.

आता एक विनंती, कारण हे औषध आज वाचकांपैकी कित्येकांच्या घरात असेल. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि सोरायसिस, या आजारांत मेथोट्रेक्सेट फार थोड्या मात्रेत दिलं जातं, आणि ते आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतलं तर तोंड सोलतं, मज्जा बंद पडते, आणि माणूस जाऊ शकतो. अशा चुका जगभर झाल्या आहेत आणि होत आहेत. ज्या एन्झाइमला ते अडवतं त्याच्यावर आपल्या स्वतःच्या रक्ताच्या पेशीही जगतात. म्हणून गोळीचा वार ठरवून घ्या, तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांच्या गोळ्यांच्या डबीवर मोठ्या अक्षरांत डकवा. जोडीला दिलेली फोलिक आम्लाची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी चुकवू नका. मेथोट्रेक्सेट चालू असताना सेप्ट्रानसारखी गोळी मनाने घेऊ नका, दोन्ही औषधं फोलेटच्या एकाच वाटेवर आहेत. आणि घरातली सून किंवा मुलगी गरोदर असेल किंवा गरोदर राहण्याच्या विचारात असेल, तर हे औषध तिच्यासाठी नाही, हे तिला आजच सांगा.